छांगद रस्त्यावरचं घर

सप्टेंबर २०२५मध्ये चिनी लेखिका आयलीन चांग हिला जाऊन तीस वर्षं झाली आणि माझ्या फोनवर दिवसभर एकच इमारत येत राहिली: शांघायच्या छांगद रस्त्यावरची, तिच्या घराची. खाली रेशमी झगे घालून, लाल ओठांनी उभ्या राहिलेल्या मुली. युद्धातलं प्रेम म्हणे!

२००७ ते २०१७ ही वर्षं मी त्या शहरात काढली. नवऱ्याची नोकरी, माझी भिशी. पुढे तिच्या गोष्टी इंग्रजीतून हाती आल्या आणि त्या इमारतीसमोरून उगीचच चालायची सवय लागली. एकदा पुण्याहून आलेले एक प्राध्यापक आमच्याकडे जेवता जेवता म्हणाले, "शहर जपान्यांच्या टाचेखाली, आणि ही बाई लग्नं जुळवत बसली होती." मी आमटी वाढत होते, गप्प बसले. ते अजून सलतंय.

तर ऐका, सर. डिसेंबर १९४१मध्ये हाँगकाँग पडलं तेव्हा ती तिथे शिकत होती. वय २१. जखमींची शुश्रूषा करायला लागली. रात्रभर ओरडणारा एक रुग्ण मेला तेव्हा आम्ही सुटलो, खोबरेल तेलात पाव भाजून खाल्ले, हे तिनेच लिहून ठेवलंय. स्वतःबद्दल इतकं खरं लिहायला छाती लागते.

१९४३च्या तिच्या गोष्टीत शहर कोसळतं म्हणून चालढकल करणारा पुरुष बोहल्यावर चढतो. तिचं स्वतःचं नेमकं उलटं झालं. १९४४मध्ये तिने हू लानचंगशी लग्न केलं. जपानच्या हातातल्या वांग चिंगवेई सरकारातला हा माणूस. वर्षभरात जपान शरण गेला, हा फरार. वुहानमध्ये सतरा वर्षांची नर्स, वेनचौमध्ये आणखी एक बाई. ती वेनचौला जाऊन म्हणाली, एक कोण ते ठरव. त्याने ठरवलं नाही. पुढे आठवणी लिहिताना मात्र आपल्या बायकांच्या यादीत तिला चवीने बसवलं. आमच्या भिशीत कुणी तरी त्याला रसिकही म्हणालं होतं!

परत आल्यावरही ती त्याला पैसे पाठवत राहिली. त्याच्यावरचं संकट टळेपर्यंत थांबली आणि १९४७मध्ये संबंध तोडल्याचं पत्र धाडलं. सोबत चित्रपटकथांच्या मानधनातले पैसे.

झगे घातलेल्या त्या मुलींपैकी एकीच्याही हातात पाकीट नव्हतं.