बार्न, बाण आणि मूर्धन्य वर्णांची कथा

‘बार्न’ म्हणजे लहान मूल. स्टॉकहोममध्ये हा शब्द मराठी कानाला चक्क ‘बाण’ असा ऐकू येतो. ‘बूर्द’ म्हणजे टेबल, त्याचा ‘बूड’ होतो आणि ‘कार्ल’ या नावाचा ‘काळ’. स्वीडिशमध्ये आणि बऱ्याचशा नॉर्वेजियन बोलींत ‘र’नंतर त, द, न, ल किंवा स आला की ‘र’ लोपतो आणि पुढचा वर्ण मूर्धन्य होतो. दोन शब्दांच्या सांध्यावरही हेच घडते: ‘हार दू’ बोलताना ‘हाडू’ होते.

हे वाचून पाणिनी आठवावा हे साहजिक आहे. ‘र’ आणि ‘ष’नंतरच्या ‘न’चा ‘ण’ होतो, हा नियम अष्टाध्यायीतलाच. पण संस्कृतात तो साधारणपणे एकाच पदात चालतो आणि फक्त ‘न’ला लागतो. मात्र त्याचा पल्ला लांबचा आहे. ‘कारण’मध्ये मधला स्वर ओलांडून ‘र’ काम करतो. ‘रचना’त मात्र ‘च’ आडवा येतो. ‘कर्ता’तला ‘त’ तर जागचा हलत नाही. तो बदल पुढे प्राकृतात झाला: ‘वर्त्मन्’चे ‘वट्ट’ आणि त्याची मराठीत ‘वाट’. स्वीडिशची चाल संस्कृतापेक्षा प्राकृताच्या जवळची आहे, असेच म्हणावे लागते. एक मेळ मात्र अस्सल संस्कृताशी बसतो. ‘पहिला’ या अर्थाच्या ‘फोर्स्त’मध्ये ‘स’चा ‘ष’ होतो आणि तो पुढच्या ‘त’ला ओढून ‘ष्ट’ करतो. ‘दृष्ट’, ‘पुष्ट’मधले ष्टुत्व ते हेच.

तरीही हा वारसा नव्हे. दोन्हीकडच्या भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या असल्या, तरी जुन्या नॉर्समध्ये मूर्धन्य वर्ण नव्हते. भारतात त्यांच्या वाढीमागे द्राविडी भाषांचा शेजारही मानला जातो. स्कँडिनेव्हियात असा शेजारी नाही. तिथे सारी करामत जिभेच्या शेंड्याने उच्चारलेल्या ‘र’ची. स्वीडनच्या दक्षिणेला स्कोने प्रांतात, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये आणि डॅनिशमध्ये ‘र’ घशातून येतो, म्हणून तिथे ‘बाण’ ऐकू येत नाही. फिनलंडमधल्या स्वीडिशचे कोडे वेगळे: ‘र’ जिभेचाच, पण मूर्धन्य वर्ण सहसा नाहीत.

पूर्व नॉर्वेतला ‘जाड ल’ तर थेट ‘घोडा’तला ‘ड’ वाटतो. जीभ मागे वळून पुढे फटका मारते आणि सूर्य या अर्थाचा ‘सूल’ बोलीत ‘सूड’सारखा होतो.

सुरांतही पंजाबीशी साम्य आहे. स्वीडिशमध्ये ‘आन्देन’ एका सुरात ‘ते बदक’, दुसऱ्या सुरात ‘तो आत्मा’. मूळ शब्द एकाक्षरी होता की अनेकाक्षरी, यावरून हा भेद पडला. पंजाबीत सूर आले ते महाप्राण गळाल्यामुळे: ‘घोडा’ खालच्या सुरातला ‘कोडा’ झाला, तर सपाट सुरातला ‘कोडा’ म्हणजे चाबूक. डॅनिशमध्ये सुराऐवजी घशातला झटका आहे. ‘ती’ आणि ‘कुत्रा’ हे शब्द तिथे केवळ त्या झटक्याने वेगळे पडतात.