पाठीवरचे ओझे हलके करणारे वाळवण

उन्हाळा आला, की गच्चीवर कुरडया, सांडगे आणि पापड पसरण्याची प्रथा शहरांतील फ्लॅट संस्कृतीत मागे पडली. मात्र, डोंगरात तंबू ठोकून मुक्काम करणाऱ्यांना हीच विद्या आजही उपयोगी पडते. शिजवलेली डाळ, भात आणि भाज्या घरीच वाळवून नेल्यास सॅकचे वजन लक्षणीय घटते.

यामागील गणित सोपे आहे. टोमॅटोत सुमारे ९४ टक्के, तर गाजरात ८८ टक्के पाणी असते. त्यामुळे एक किलो टोमॅटो वाळल्यावर जेमतेम ६० ते ७० ग्रॅम उरतात. पाणी निघून गेल्याने जिवाणू आणि बुरशीची वाढ थांबते. मात्र सर्वच जिवाणू मरत नाहीत. म्हणूनच अर्धवट वाळलेला पदार्थ धोकादायक ठरतो.

हिमालयात आणखी एक लाभ होतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने खाली येतो. ३,६०० मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते आणि कच्ची डाळ शिजता शिजत नाही. घरी कुकरमध्ये शिजवून वाळवलेली डाळ तेथे थोड्या इंधनात तयार होते.

वाळवावे कसे?

भाज्यांचे पातळ, एकसारखे काप करावेत. गाजर, फरसबी, मटार दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढावेत. रंग आणि चव टिकते. विजेवरील ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंश तापमान ठेवावे. आच वाढवल्यास वरचा थर कडक होतो आणि ओल आत अडकते. ज्या ओव्हनचे तापमान इतके खाली येत नाही, तो या कामाचा नाही.

डाळ-भात उन्हात वाळवू नये. भातातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत रेंगाळला, तर त्यात विष तयार होते आणि ते पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे शिजताच पातळ थर पसरून ६० अंशांवर वाळवणे सुरू करावे. फोडणी टाळावी; तेल वाळत नाही, उलट खवट होते. तूप वेगळे न्यावे.

गाजर कटकन मोडले, डाळीचा हाताने चुरा झाला, की वाळवण पूर्ण झाले असे समजावे. ते गार करून आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवावे आणि रोज हलवावे. काचेवर दव दिसल्यास भाज्या पुन्हा वाळवाव्यात. डाळ-भात मात्र टाकून द्यावा. मुंबई-कोकणची दमट हवा लक्षात घेता नंतर हवाबंद पाकिटेच वापरावीत.

मुक्कामी डाळ अर्धा तास भिजवून खळखळून उकळावी. मात्र, निघण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. सह्याद्रीतील अनेक गडांवरील टाकी उन्हाळ्यात आटतात. वरती पाणी नसेल, तर घरी काढून टाकलेले पाणी बाटल्यांतून पुन्हा पाठीवरच वाहावे लागेल आणि वाळवणाचा सारा खटाटोप व्यर्थ जाईल.