बंदीच्या दिवसांत कंबरेकडे बघा
रापण ओढून, बर्फ-मासळीचे क्रेट उचलून कंबर धरलीय? 'कट्ट' आवाज काढून मणके मोकळे करणाऱ्या कायरोप्रॅक्टिकने बरं वाटतं, खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी मणक्यांची अशी हाताळणी आहे, व्यायामही आहे. कमरेच्या पट्ट्याला मात्र नकार. आणि आपल्याकडे दुखलं की आधी पट्टाच!

खरी गोम वेगळीच. दुखणं थांबलं तरी मणक्यालगतचे कमजोर स्नायू आपोआप सावरतात असं नाही. त्यांना व्यायामच लागतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर जेटीला असतात, तेव्हाच फिजिओथेरपिस्टकडून तो शिकून घ्या.

पायातली ताकद गेली, जांघ बधिर झाली, लघवीवर ताबा राहिला नाही, तर कोणाकडूनही कंबर मोडून घेऊ नका. थेट हॉस्पिटल गाठा, त्याच दिवशी.