घाट उतरताना गाडी आडरानात का थांबते? जाणून घ्या ‘कॅच सायडिंग’चे काम

पाचगणीला रेल्वे नाही. मुंबईला रेल्वेने जायचे तर साताऱ्याला येऊन कोयना एक्स्प्रेस पकडता येते. ही गाडी पुण्यामार्गे बोरघाट उतरते. उतरताना स्थानक नसलेल्या ठिकाणीही ती थांबते आणि प्रवासी वैतागतात. पण हा खोळंबा नसून ब्रेकची परीक्षा असते.

लोणावळा-कर्जत घाटात ३७ मीटरमागे १ मीटर इतका तीव्र उतार आहे. त्यामुळे तिथे ‘कॅच सायडिंग’ म्हणजे चढावर जाणारा वेगळा रूळ ठेवला आहे. एरवी सांधा त्याच बाजूला लावलेला असतो. गाडी थांबली, ब्रेक ठीक असल्याचे दिसले, की सांधा मुख्य मार्गाकडे वळवतात. ब्रेक निकामी झालेली गाडी मात्र त्या चढावर जाते आणि तिचा वेग तिथेच जिरतो.