आठ गळ्यांतला बाख

पॅरिसच्या स्टुडिओंत १९६०च्या सुमारास काही गायक-गायिका रोज दुसऱ्यांच्या गाण्यामागे 'ऊ' आणि 'आ' भरत. नोटेशन समोर ठेवलं की पहिल्या खेपेला बिनचूक गाणारी ही मंडळी. एवढ्यानं त्यांच्या गळ्यांचं समाधान कसं व्हावं? त्यांच्यातला वॉर्ड स्विंगल हा अमेरिकेतल्या अलाबामाचा पियानोवादक, फ्रान्समध्ये वॉल्टर गीझेकिंगकडे शिकलेला. सगळ्यांच्या रियाजासाठी त्यानं संगीतकार बाखच्या 'प्रिल्यूड' आणि 'फ्यूग' या वाद्यरचना काढल्या. त्यांना शब्द नव्हतेच, म्हणून जॅझमधल्या स्कॅटचे 'डा-बा-डा' बोल घातले. १९६३मध्ये फिलिप्सनं त्याची एलपी काढली, 'जॅझ सेबास्टियन बाख'. पुढे तिनं आठ जणांच्या या गटाला, म्हणजे स्विंगल सिंगर्सना, ग्रॅमी मिळवून दिलं.

तराणा ऐकलेल्या कानाला हे बोल परके वाटणार नाहीत. मात्र तराण्यात गायक मोकळा असतो, तर हे आठ जण लिहिलेल्या सुरांबाहेर जवळपास जातच नाहीत. फार तर गळ्याला झेपावं म्हणून सप्तक बदलतात. जॅझ येतो तो खालून. कॉन्ट्राबास आणि ड्रम ठेका धरतात आणि समान अंतरावर पडणाऱ्या स्वरांना झोल मिळतो: जोडीतला पहिला किंचित लांब, दुसरा आखूड.

या तबकडीवरचा सी मायनर फ्यूग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मूळ रचना १७२२च्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'मधली, तीन आवाजांची. आधी मधला आवाज एकटाच मुखडा मांडतो. तो पुढे सरकतो, तोच वरचा आवाज तोच मुखडा दुसऱ्या स्वरावरून उचलतो आणि मग खालचा. या तिघांत नुसती साथ करणारं कुणीच नाही. तिन्ही ओळी आपापलं पूर्ण गाणं गात एकमेकींशी जुळतात. पियानोवर हे सगळं दोन हातांत आणि एकाच वाद्याच्या रंगात असतं, त्यामुळे मधली ओळ कानातून निसटते. इथे प्रत्येक ओळीला स्वतःचा श्वास मिळतो. शेवटी मुखडा वरच्या आवाजात परततो तेव्हा तळाशी एकच षड्ज धरलेला असतो. पियानोची हातोडी तारेवर पडली की सूर विझूच लागतो, गळ्याला मात्र तो तोलून धरता येतो.

हे साधलं त्यात मायक्रोफोनचा वाटा मोठा आहे. ऑपेरासारखा आवाज फेकायचा तर तो जड होतो, कंप पावतो आणि भरधाव तानेत चिखल होतो. हे गायक माइकजवळ, हलक्या आणि सरळ आवाजात गातात. म्हणूनच आठ जण असूनही धागे वेगळे राहतात. संगीतकार लुचानो बेरिओनं १९६८च्या 'सिंफोनिया'त ध्वनिवर्धकावरचे आठ आवाज वापरले, तेही याच गायकांचे.

बाखच्या यशानंतर १९६५मध्ये त्यांनी शोपँ, शूमान यांच्या रचना गायल्या. ती रेकॉर्ड मी जीव लावून ऐकते, पण तिथे तसं घडत नाही. शोपँची धून पेडल दाबून मोकळ्या ठेवलेल्या तारांच्या गुंजनावर तरंगते. ते गुंजन गळ्यात नाही. वरची ओळ सुंदर गायली जाते आणि बाकीच्यांच्या वाट्याला साथीचे तुकडे उरतात, म्हणजे पुन्हा तेच 'ऊ' आणि 'आ'.