भिंत डोक्यातली!

'कट्टर पंथ' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कुठेतरी आडरानात उंच कंपाउंड, फाटकावर पहारेकरी, आत कोंडलेली माणसं. पण अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात, टोपेका शहरातल्या वेस्टबोरो बाप्टिस्ट चर्चला असं फाटक नव्हतं. तिथली मुलं सरकारी शाळेत जायची, मोठेपणी बरेच जण वकील झाले. तरीही ती सगळी जगापासून तुटलेली होती. कारण भिंत डोक्यात होती!

हे चर्च १९५५ मध्ये फ्रेड फेल्प्स यांनी सुरू केलं. सभासद जेमतेम सत्तर-ऐंशी, त्यातले बहुतेक घरचेच. १९९१ पासून ते समलिंगी लोकांविरुद्ध निदर्शनं करू लागले. पुढे तर शहीद सैनिकांच्या अंत्यविधीच्या वेळी फलक घेऊन उभे राहिले. देशाच्या पापाची ही देवानं दिलेली शिक्षा आहे म्हणे! फ्रेड यांची नात मेगन फेल्प्स-रोपर (जन्म १९८६) पाच वर्षांची असल्यापासून असे फलक धरत होती.

लोक शिव्या घालायचे, अंगावर धावून यायचे. पण घरची शिकवण अशी की, जग आपला द्वेष करणारच, कारण सत्य आपल्याकडे आहे. म्हणजे विरोध जितका जास्त, तितकी खात्री पक्की. आपल्या भाषेत सांगायचं तर इनपुट काहीही द्या, मीटरचं रीडिंग एकच : 'आम्ही बरोबर'. असा मीटर आपण लॅबमध्ये चालवून घेऊ का? कोर्टानंही हे थांबलं नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी चर्चच्या बाजूनेच निकाल दिला. मत कितीही कटू असलं तरी ते मांडायचं स्वातंत्र्य आहे, हा त्याचा आधार.

मग मेगन बदलली कशी? २००९ मध्ये ती चर्चची बाजू मांडायला ट्विटरवर आली. तिथे तिची गाठ पडली डेव्हिड अबिटबोल या ज्यू माणसाशी. सुरुवातीला जोरदार खडाजंगी. पण हळूहळू तो प्रश्न विचारू लागला, थट्टामस्करीही होऊ लागली. समलिंगींना देहदंड द्या, असा चर्चचा एक फलक होता. डेव्हिडने तिच्याच बायबलचा आधार घेतला. ज्याने पाप केलं नसेल त्यानेच पहिला दगड मारावा, असं येशू म्हणतो ना? आणि तुझ्या आईला लग्नाआधी मूल झालं होतं. तिला तेव्हाच देहदंड झाला असता तर पश्चात्ताप करायला ती उरली असती का?

मेगनकडे उत्तर नव्हतं. घरच्यांची उत्तरंही पटेनात. तिने गुपचूप तो एक फलक धरणं सोडलं. पण एक वीट निघाली की शेजारची हलतेच! मोठी माणसं इथे चुकली, तर आणखी कुठे चुकली असतील? नोव्हेंबर २०१२ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी, ती धाकटी बहीण ग्रेससह बाहेर पडली. किंमत मोठी होती. बाहेर पडणाऱ्याशी आई-वडील, भावंडं सगळेच संबंध तोडतात. पुढे २०१९ मध्ये तिने 'अनफॉलो' या पुस्तकात हे सगळं लिहिलं.

यात आपल्यासाठी काय आहे? डेव्हिडने 'तुमचा धर्मग्रंथ खोटा' असं म्हटलंच नाही. त्याने तिचंच गृहीतक धरलं आणि विसंगती दाखवली. गणितात आपण काँट्राडिक्शनने सिद्धता करतो ना, अगदी तसंच! फरक इतकाच की समोर पाटी नव्हती, जिवंत माणूस होता. म्हणून त्याला आपुलकीचीही जोड द्यावी लागली आणि धीरही धरावा लागला.

आपल्या हॉस्टेलवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद रंगतात. जात, आरक्षण, कुणाचे महाराज, कुणाचा पक्ष... आवाज चढतात, दारं आपटतात, आणि सकाळी मेसमध्ये जो तो आपल्याच मतावर ठाम! त्यापेक्षा एकदा शांतपणे एकच प्रश्न विचारून बघा, आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. तोच प्रश्न स्वतःलाही विचारा : काय दिसलं तर मी माझं मत बदलेन? उत्तर 'काहीही नाही' असं आलं, तर मीटर एकदा तपासून घ्यायला हवा!