तीन क्लोरीनची गोडी

डोंबिवलीच्या फडके रोडवर काय किंवा ठाण्याच्या गोखले रोडवर काय, मेडिकलच्या काउंटरवर 'शुगर फ्री'ची डबी सहज दिसते. पूर्वी ती मधुमेह्यांची. आता धडधाकट माणसांच्या घरीही चहापत्तीच्या डब्याशेजारी येऊन बसली आहे. दिवाळीत काजूकतलीसुद्धा शुगर फ्री!

यातल्या काही गोळ्यांना गोडी देणाऱ्या सुक्रालोजचा जन्म विलक्षण आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडण्याचे प्रयोग चालले होते. प्राध्यापक लेस्ली हफ यांच्याकडे शशिकांत फडणीस नावाचे तरुण भारतीय संशोधक काम करत होते. एक पदार्थ तपासायला ('test') सांगितला गेला. फडणिसांना ऐकू आलं, चाखायला ('taste'). त्यांनी खरंच जिभेवर ठेवला. अशी हकीकत सांगतात, आणि ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो, कारण प्रयोगशाळेतली अनोळखी पूड विषही असू शकते. ही निघाली साखरेच्या सुमारे ६०० पट गोड!

बदल केवढा? साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट गेले, त्यांच्या जागी तीन क्लोरीन आले. बस्स. चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅम, साखरेचं काम आता ८ मिलिग्रॅममध्ये भागतं. जिभेवर गोडी ओळखणारं ग्राहक (रिसेप्टर) दोन प्रथिनांच्या जोडीने बनतं. समोरचा रेणू तिथे नीट बसला की मेंदूला 'गोड' असा निरोप जातो. त्यातून ऊर्जा मिळेल की नाही, हे ग्राहक विचारतच नाही. मांजरांमध्ये या जोडीतल्या एका प्रथिनाचं जनुक निकामी आहे, म्हणून बासुंदी पुढे ठेवली तरी त्यांना तिची गोडी कळत नाही.

साखरेवाचून गोडी आपल्याकडे जुनीच. विड्यात घालतात तो गुंजेचा पाला असाच गोड, पण त्याच वेलीच्या लालचुटूक बिया जहाल विषारी.

मात्र बारीक होण्यासाठी शुगर फ्रीची गोळी घेणाऱ्यांनी थांबावं, असं मला मनापासून वाटतं. वजन आटोक्यात ठेवायला असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये दिला. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो लागू नाही.

पोटात गेलेलं बहुतेक सुक्रालोज शरीर शोषून घेत नाही, ते तसंच बाहेर पडतं. सांडपाणी शुद्धीकरणातही ते फारसं मोडत नाही. म्हणूनच नदीत सांडपाणी मिसळलंय का, हे शोधायला जगभरचे शास्त्रज्ञ पाण्यात सुक्रालोज आहे का ते बघतात. कल्याण-डोंबिवलीचं सांडपाणी उल्हास नदीच्या खाडीकडेच जातं.